चिंचेतलं लोखंड

घराजवळचं झाड पाडायचं असेल तर मशीन सुरू करण्याआधी घरातली चूल विझवायची. गॅस असेल तर नुसती शेगडी बंद करून भागत नाही, टाकीचा खटका बंद करायचा. माणसं बाहेर काढायची, आणि ती खरोखर बाहेर गेली आहेत का ते स्वतः आत डोकावून बघायचं. ‘सगळे गेले, करा सुरू’ असं कुणी म्हटलं तरी बघायचं.

हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना मी दादा म्हणतो. इकडं भंडारा जिल्ह्यात त्यांना सगळे भाऊ म्हणतात, पण मी पार सोलापूरच्याही खालच्या अंगाचा, माझ्या तोंडात दादाच बसलं आहे. दादा मशीननं, म्हणजे चेन फिरणाऱ्या करवतीनं, झाडं पाडतात. म्हणजे पाडायचे. आता शेवटचा काप मी घेतो. तो माझ्या हातात कसा आला ते सांगायचं म्हणून हे लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही. आठवीतून शाळा सोडली त्यानंतर सही सोडून फारसं काही लिहिलेलं नाही.

आमच्या गावाकडं झाडं म्हणजे बाभूळ, बोर आणि देवळापुढचा लिंब. वर बघायला मान मोडावी लागेल असं झाड मी इथं येईपर्यंत पाहिलं नव्हतं. विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटणाऱ्या टोळीबरोबर मी सानगडीकडं आलो. काम संपलं तेव्हा टोळी परत गेली आणि मी राहिलो, कारण मला कावीळ झाली होती. आमच्या टोळीच्या मशीनची चेन दादा घासून द्यायचे, एवढीच त्यांची माझी ओळख. डोळे पिवळे करून मी भाड्याच्या खोलीत पडलो होतो, तिथं येऊन ते म्हणाले, “उठ. असा मरशीन त कोनाले पत्ता नाई लागाचा.” मोटारसायकलवर मागं बसवलं आणि घरी आणलं. वहिनींनी महिनाभर पेज पाजली. माझी लुंगी धुतली. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं त्या बाईनं केलं, आणि तेव्हा तिला माझं आडनावही माहीत नव्हतं. आजही मी त्यांच्याच घरामागच्या खोलीत राहतो.

बरं वाटायला लागल्यावर चुलीपुढं बसून मी वहिनींना लाकूड सारून द्यायचो. मशीन हातात येण्याआधी लाकूड मी तिथंच शिकलो. दोन ढलप्या एकमेकींवर वाजवून बघायच्या. टणटणीत आवाज आला तर वाळलेलं, मुका आवाज आला तर अजून पाणी आहे. ओलं लाकूड जाळलं तर निम्मी आग ते पाणी उडवण्यातच जाते, वर धुरानं छप्पर काळं. चूल लाकडानं गच्च भरायची नाही, तिला श्वास घ्यायला जागा पाहिजे. रंग दिलेली जुनी चौकट, प्लायचे तुकडे चुलीत घालायचे नाहीत. आणि थंडीत निखाऱ्याचं घमेलं बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही. हे सांगताना वहिनी चुलीतून डोळे न काढता म्हणाल्या होत्या, “त्याले वास येत नाई, भाऊजी. मानूस झोपते, अन् उठत नाई.” त्यांच्या माहेरी कोणाचं तरी तसं झालं होतं. कोणाचं ते मी विचारलं नाही.

वहिनींचा जीव सतत टांगलेला असायचा. दादा मशीन घेऊन निघाले की त्या दारापर्यंत यायच्या आणि काही न बोलता उभ्या राहायच्या. संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की चुलीत फुंकर घालायला सुरुवात करायच्या, जशी काही तोवर चूल पेटलेलीच नव्हती. दादांचे एक मित्र पूर्वी असेच झाडाखाली गेले होते. घरात त्यांचा विषय निघत नसे, पण त्यांची कुऱ्हाड आमच्या पडवीत होती आणि तिला कोणी हात लावत नसे.

त्या चिंचेचं काम मे महिन्यात आलं. सानगडीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावचे गृहस्थ दादांना शोधत आले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये काढली होती, निवृत्त होऊन गावच्या घरी परतले होते. मी त्यांना काका म्हणायचो. कपडे इस्त्रीचे, बोलणं नेमकं. म्हणाले, “चिंच स्वयंपाकघरावर झुकली आहे. मागच्या वादळात थोडी आणखी झुकली. ग्रामपंचायतीची परवानगी माझ्याजवळ आहे. आई नव्वदीच्या घरात आहे आणि ती दिवसभर त्याच खोलीत बसते. पावसाळ्याआधी मला हे झाड नको.”

दादा म्हणाले, “गावात कोनी नाई भेटला का जी?”

काका म्हणाले, “गावातले लोक त्याला हात लावत नाहीत.”

आम्ही बघायला गेलो. झाड लांबूनच दिसलं, आणि मला त्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जवळ गेल्यावर कळलं काय ते. चिंचा झाडाखाली पडून होत्या. पिकलेल्या, फुटलेल्या, पायाखाली चिकट झालेल्या. त्यांचा थर साठला होता, त्यावर मुंग्यांच्या रांगा. ज्या गावात बाया सरपणाची एक काडी रस्त्यावर राहू देत नाहीत, त्या गावात वाळक्या फांद्या इथं पडल्या जागी कुजत होत्या. शेळीसुद्धा दिसली नाही.

दादांनी आपल्या रीतीप्रमाणे आधी बुंध्याला हात लावला, मग कपाळाला. मग कामाला लागले. झाड बघायची त्यांची पद्धत खालून वर जाते. मुळाशी बघितलं, तर घराच्या विरुद्ध अंगाला माती भेगाळून वर उचलली होती. म्हणजे त्या बाजूचं मूळ सुटत चाललं होतं. बुंध्याला ताटल्यांसारखी भुईछत्रं फुटली होती. म्हणजे आत कुज. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ठोकत ते भोवती फिरले. काही ठिकाणी भरीव आवाज आला, काही ठिकाणी रांजणावर टिचकी मारल्यासारखा. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ते गप्प झाले की मला भीती वाटते.

तेवढ्यात शेजारचा शेतकरी कुंपणापलीकडून म्हणाला, “काय भाऊ, हेच झाड भेटलं का तुले? बायको हाये ना घरी?”

“हाये. तुहा टॅक्टर दे म्हंजे लवकर घरी जातो. दोर ओढाले पायजे.”

“टॅक्टर घेऊन जाय. पन मी नाई बसत त्याच्यावर.”

“मंग टॅक्टर काय तुह्या भुतानं चालवाचा का?”

शेतकरी हसला, पण कुंपणाच्या अलीकडं आला नाही. म्हणाला, “त्याच्यात बांधलेलं हाये, भाऊ. जुन्या लोकायनं ठोकून ठेवलेलं हाये. आता तुमची मर्जी.” आणि बांधावरून निघून गेला.

काकांचा चेहरा लाल झाला होता. “ऐकलंत? म्हणून मी बाहेरून माणूस बोलावला. माझ्या वडिलांनी छप्पन सालीच हे सगळं सोडलं. या घरात भूत नाही, बांधणं नाही, सोडवणं नाही.”

दादा म्हणाले, “ते मी नाई विचारत, काका. मले येवढंच सांगा, झाडात लोखंड हाये का? खिळा, तार, काई?”

“मी सांगितलं ना. असलं आमच्याकडं काही नाही.”

मी तिथंच उभा होतो. दादा मशीनच्या दातांबद्दल विचारत होते. काकांना मात्र ते वाक्य शेजाऱ्याच्याच वाक्याचं शेपूट वाटलं. आयुष्यभर लोकांनी त्यांना त्या एका प्रश्नानं चिडवलं असणार, की तुम्ही म्हणता खरं, पण मनातून भीता की नाही? त्यांनी त्या प्रश्नाला उत्तर दिलं. दादांच्या प्रश्नाला दिलंच नाही. आणि दादांनीही पुन्हा खोदून विचारलं नाही, कारण वडिलांचं नाव मध्ये आलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात काकांची आई बसली होती. पांढरं लुगडं, हातात तांदूळ पाखडायचं सूप. ती आमचं सगळं ऐकत होती. दादांनी लोखंडाचं विचारलं तेव्हा तिचं सूप थांबलं होतं. काका बोलले आणि ते परत हलायला लागलं.

लोखंडाची भीती काय असते ते सांगतो. झाडात ठोकलेला खिळा झाडाबरोबर वर जात नाही. झाड वाढतं शेंड्याला, खिळा जिथं ठोकला त्याच उंचीवर राहतो. फक्त साल त्याला गिळते, मग लाकूड गिळतं, आणि बाहेरून काही कळत नाही. मशीनची चेन त्यावर गेली तर दात जातात. नशीब फिरलेलं असेल तर चेन तुटते, आणि ती तुटलेली चेन चाबकासारखी हाताकडं येते.

ठरल्या दिवशी आम्ही सकाळी लवकर गेलो. हवा पडलेली होती, पानही हलत नव्हतं. दादांना असली हवा आवडत नाही. म्हणाले, “दुपारून वारा सुटन. तोपर्यंत झाड खाली पायजे.” निघताना वहिनी नेहमीप्रमाणे दारात होत्या. त्या दिवशी त्या बोलल्या, आणि दादांशी नाही, माझ्याशी. “भाऊजी, यायच्याकडे लक्ष ठेवजा.”

घराकडच्या वरच्या फांद्या आदल्या दिवशी शिडी लावून, दोरानं बांधून, जेवढ्या जमल्या तेवढ्या उतरवल्या होत्या. अजून वर चढायला दादांनी नको म्हटलं, पोकळ बुंध्यावर माणूस चढवायचा नसतो. आता झाड शेताच्या बाजूला ओढून पाडायचं होतं. जाड दोर वर बांधला आणि शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेंडा पोचणार नाही अशा लांबच्या बांधावरच्या, बाभळीला हातानं फिरवायची कप्पी अडकवली. ट्रॅक्टर घेतलाच नाही. कप्पी माझ्याकडं. दोर ताठ ठेवायचा, दादांनी हात वर केला की ओढायचं, आणि काही झालं तरी कप्पी सोडून यायचं नाही. “मी पडलो तरी?” असं काही ते म्हणाले नाहीत, पण ‘काई झालं तरी’ म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मग पळायची वाट. झाड पडायला लागलं की सरळ मागं पळायचं नसतं, बुंधा उसळून तिथंच येतो. तिरकं मागं, बाजूला पळायचं. दादांनी ती वाट पायानं साफ केली, चिंचांचा चिकटा फावड्यानं खरवडला, वर माती टाकली. एकदा तिच्यावरून चालून बघितलं. चूल विझवून झाली, गॅस बंद झाला. काकांनी आईला शेजारच्या गल्लीतल्या नातेवाइकांकडं पोचवलं. दादांनी स्वतः आत डोकावून बघितलं.

मशीन त्यांनी जमिनीवर ठेवून, पाय देऊन सुरू केली. खाली बुंधा पोकळ वाजत होता, म्हणून कमरेच्या वर शेताच्या बाजूला तोंड कापलं, म्हणजे झाड जिकडं पडायला हवं तिकडची खाप काढली. भुसा छान पडत होता, जाडसर. काम सुरळीत चाललं की भुसा जाड पडतो, पीठ पडायला लागलं की चेन बोथट झाली समजायचं. मी लांबून भुसा बघत होतो. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

मग ते घराच्या बाजूला गेले. पाठीमागचा काप. इथं सगळं असतं. मागून कापत यायचं आणि तोंडाच्या आधी एक पट्टी न कापता ठेवायची. ती पट्टी दाराच्या बिजागरीसारखी झाडाला वळवते. ती तुटली तर झाड कुणाचं ऐकत नाही.

थोडं कापल्यावर दादांनी मशीन बंद केली. वाकून बघितलं. कापातला भुसा चिमटीत घेतला आणि माझ्याकडं धरला, मला एवढ्या लांबून काय दिसणार, पण मला दिसलं. पिवळसर लाकडात निळी-काळी रेघ उतरली होती, शाई सांडल्यासारखी. लाकडात लोखंड गंजलं की असा डाग पडतो.

“काका!” दादा ओरडले. “लोखंड नाई ना जी याच्यात?”

काका अंगणाच्या टोकाशी उभे होते. “अहो, किती वेळा सांगू!”

दादा उभे राहून त्या डागाकडं बघत राहिले. आता थांबताही येत नव्हतं. अर्धवट कापलेलं झाड सोडून कोणी घरी जात नाही. त्यांनी मशीन परत सुरू केली.

आवाज आला तो मी आजही विसरलो नाही. मशीनचा आवाज एकदम चिरका झाला, ठिणगी उडाली, मग काहीतरी फटकन वाजलं आणि दादा मागं बसले. बसले म्हणजे पडले. मशीन बाजूला घरघरत होती, तिच्यावर चेन नव्हती.

मी कप्पीवरून हात काढला नाही. पाय पळायला निघाले होते आणि हात कप्पीला चिकटले होते. मी ओरडलो, “दादा! ओ दादा! लागलं काय?” मग त्यांनी उजवा हात वर धरला आणि उलटसुलट करून बघितला. बोटं होती. मुठीमागच्या संरक्षक पट्टीवर चेन आपटली होती, पट्टी फुटली होती. पायजमा मांडीपाशी फाटला होता आणि तिथं रक्त होतं, पण फार नव्हतं.

आणि तेव्हाच झाड बोललं. एकदा, हळू. आत कुठंतरी दाढ दुखल्यासारखं. मी वर बघितलं, तर शेंडा हलत होता. वारा सुटला होता.

दादांनी मशीन बंद केली. पेटीतली दुसरी चेन काढली आणि बसूनच चढवायला लागले. ती एकच होती. चेन सारखी मशीनच्या पात्यावरून निसटत होती. काका धावत आले. “सोडा हो, सोडा! उद्या बघू!” दादा म्हणाले, “उद्यापर्यंत हे थांबत नाई, काका. आज रात्रीच तुमच्या सैपाकघरात येऊन बसन.” मग बुंध्याकडं बघून म्हणाले, “पन कापू कुठून? अजून किती हायेत अन् कुठं हायेत, मले का मालूम?”

त्याच वेळी ती म्हातारी घराला वळसा घालून येताना दिसली. नातेवाइकांकडून ती उठून आली होती. काठी टेकत ती सरळ झाडाखाली चालत आली. तिघंही ओरडलो. काका तर “आई, मागं हो, आई!” म्हणत धावले. ती थांबली नाही. झाड करकरत होतं आणि ती त्या बुंध्यापाशी पोचली आणि तिनं सालीवर पंजा ठेवला.

“इथं,” ती म्हणाली. “अन् इथं. अन् हे इथं, माह्या छातीयेवढं. तेव्हा मी आता येवढी वाकली नोहोती, त थोडं वरतं धर.” तिचा हात उजव्या अंगानं फिरत होता. “सगरे ह्या आंगानं. त्या आंगाले नाई. विहिरीकडे तोंड करून उभं केलं होतं मले, लेकरू कडेवर घेऊन. पाठ झाडाले. अन् बाजूनं ठोकले.”

काका म्हणाले, “कोणतं लेकरू?”

“तुह्या आंधीचा. ताप उतरत नोहोता त सासूनं मानूस बोलावला. त्यानं खिळे ठोकले. लेकरू त गेलंच. मंग तुह्या बापानं धम्म घेतला, अन् सांडशीनं जेवढे निंघाले तेवढे उपटले, अन् मले म्हने, या घरात याचं नाव काढाचं नाई. मी शब्द देल्ला होता.”

“आई, अगं मला तरी सांगायचं!”

“तू नाई म्हनून राहिला होता ना लोकायसमोर. तुले खोटं कशी पाडू?” मग दादांकडं वळून म्हणाली, “मी इस्वास नाई ठेवत, बाबू. तुमाले काय वाटन ते वाटो. पन खिळे त खिळे हायेत.”

दादा म्हणाले, “आजी, माह्यावर उपकार केले. आता इथून जाय, पाया पडतो.” काकांनी तिला जवळजवळ उचलूनच नेलं. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याला तिच्या हाताची माती लागली होती.

उजवं अंग सोडून कापायचं म्हणजे बिजागरीची पट्टी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ राहणार. झाड पिळवटणार. ते दादांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी माझ्याकडं बघून हात वर केला, अजून ओढ. मी कप्पी फिरवली. दोर असा ताठ झाला की त्याच्यातून बारीक आवाज यायला लागला. कापाच्या फटीत त्यांनी लाकडी पाचर ठोकली, म्हणजे झाड मागं बसणार नाही. मग डाव्या अंगानं मशीन घातली.

मी तेव्हा काय काय कबूल केलं असेल सांगता येत नाही. गावाकडच्या देवाला, इथल्या देवाला. मनात एकच होतं, की संध्याकाळी वहिनींसमोर मी एकटा जायला नको.

फट उघडली. आधी कागदाएवढी, मग हाताएवढी. दादांनी मशीन टाकली आणि तिरके पळाले. झाड शेताकडं निघालं, मग मध्येच अडखळल्यासारखं उजवीकडं वळलं, त्या खिळ्यांच्या बाजूला, आणि एक क्षण मला वाटलं की ते घराकडं परत येतंय. मी अंगातलं सगळं बळ कप्पीत घातलं. दोर थरारला. मग आभाळ मोकळं झालं आणि जमीन हादरली.

घराकडच्या उरलेल्या फांद्यांनी जाता जाता स्वयंपाकघराच्या टोकाची थोडी कौलं खाली आणली, बाकी घर उभं होतं. धुरळा खाली बसेपर्यंत मला दादा दिसले नाहीत. बुंधा उसळून बरोबर मागं आला होता, जिथं सरळ पळणारा माणूस असता. फावड्यानं साफ केलेल्या वाटेच्या टोकाशी दादा उकिडवे बसले होते, दोन्ही हात डोक्यावर. मी गेलो, तर म्हणाले, “पानी दे.” पाणी दिलं, तर त्यांना तांब्या धरता येईना. मीच पाजलं, जशी वहिनींनी मला काविळीत पेज पाजली होती.

शेजारचा शेतकरी कुंपणापलीकडून सगळं बघत होता. म्हणाला, “निंघालं का, भाऊ?” त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. वाटेत दादांनी एकच सांगितलं, “हिले काई बोलू नको.” फाटका पायजमा त्यांनी पेटीत कोंबला होता आणि काकांची लुंगी नेसली होती. मोटारसायकल मी चालवली.

वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी लुंगी बघितली. मी गाडी चालवत आलो हे बघितलं. दादा अंघोळीला गेले. मी नेहमीसारखा लाकूड सारायला बसलो. आत पाण्याचा तांब्या पडल्याचा आवाज आला, थोड्या वेळानं परत पडला. वहिनी चुलीकडंच बघत म्हणाल्या, “खरं सांगा, भाऊजी.”

मी सांगितलं. त्या बाईला खोटं सांगायला मला तोंड नव्हतं.

ऐकून त्या बराच वेळ भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, “यायचं आता वय झालं जी. हात कापते. मी रोज पायतो, कप धरतानी कापते. ऐकत नाईत.” भाकर तव्यावर टाकली. “तुमचा हात बसला हाये आता. तेच सांगत होते त्या दिवशी, माह्यापेक्षा चांगला बसला म्हनून.”

एवढंच. याहून जास्त त्या बोलल्या नाहीत, आणि माझ्याकडं बघितलंही नाही. मी मात्र सगळं ऐकलं. नवऱ्याच्या जागी त्या झाडाखाली कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं, आणि घरात उभं राहू शकेल असं दुसरं कोण होतं? मला राग आला नाही. खरं सांगतो, आला नाही. पेज पाजणारा तोच हात, तीच चूल. त्यांच्या जागी मी असतो तर मीही माझ्या माणसासाठी हेच मागितलं असतं.

मी म्हटलं, “उद्यापासनं मशीन मी धरतो, वहिनी. दादांना कप्पीवर बसवू.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग माझ्या ताटात तव्यावरची पहिली भाकर वाढली. त्या घरात पहिली भाकर नेहमी दादांची असते.

तेव्हापासून शेवटचा काप माझा. काम घ्यायच्या आधी मी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला गाठतो, पुरुष माणसं जवळ नसताना, आणि भुताचं नाव न काढता विचारतो की या झाडाला कधी कुणी काही ठोकलं होतं का. बहुतेक जणी सांगतात. काही जणी झाडाकडं न बघता नाही म्हणतात, तिथं मी काम घेत नाही. दादा चिडतात. लांब धुऱ्यावर कप्पी धरून ते बसतात आणि मला ओरडून सांगत राहतात, पट्टी बघ, वर बघ, वाट बघ. त्यांचा आवाज मशीनमध्ये ऐकू येत नाही, तोंड हलताना दिसतं.

गावाकडून आईचा फोन येतो. काय काम करतोस विचारते. मी सांगतो, लाकडाचं. ती म्हणते, सावलीतलं काम बरं, लेका. मी हो म्हणतो. सकाळी निघताना वहिनी अजूनही दारापर्यंत येतात. आता त्या माझ्याकडं बघतात, आणि मी वळून बघायचं टाळतो.